भोकरदनची पांढरी

जालना जिल्ह्यातील भोकरदनला आम्ही आजवर केवळ तालुक्याचे गाव म्हणूनच ओळखत आलो. मात्र सांची आणि भरहुत येथील स्तूपांच्या शिलालेखांत दानकर्त्यांनी आपले गाव 'भोगवर्धन' असे कोरून ठेवले आहे आणि तेच हे गाव, हे समजल्यावर केळणा नदीकाठच्या पांढरीकडे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाकडे, पाहण्याची माझी दृष्टी बदलली. प्रतिष्ठानहून म्हणजे पैठणहून उज्जयिनीकडे निघालेले तांडे अजिंठ्याचा डोंगर उतरण्यापूर्वी याच टापूतून जात असत. पठार संपून खानदेशाचा सखल प्रदेश जवळ येतो, तिथे बैलांना विसावा आणि मालाला गिऱ्हाईक मिळणे स्वाभाविकच होते.

पावसाळ्यानंतर या पांढरीची कड ढासळली की खापरांचे लालकाळे तुकडे उघडे पडतात. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती 1938 मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली होती, आणि ते शहर इ. स. 79 मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. पॉम्पेईची ती मूर्ती भोकरदनच्याच परिसरात घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. मला मात्र गावाच्या अभिमानापोटी ते लगेच पटते, हे कबूल केलेले बरे.

सीमेवरचे स्थान पुढेही सुटले नाही. 1853 नंतर वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि शेजारचा बुलढाणा त्यांच्या अंमलाखाली आला, तर भोकरदन 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातच राहिले.