सुंद्रीला घेऊन समुद्रावर, गाडीचं नंतर बघू

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास किनाऱ्यावर तंबू मारायला जायचं ठरलंय. गाडी दिराची थार, फोर बाय फोर, आणि सोबत आमची कुत्री सुंद्री, मुधोळ जातीची, वजन बावीस किलोच्या आसपास, सगळी पायातच. तर आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. दीर आणि नवरा रोज रात्री जेवताना टायर प्रेशर, विंच, स्नॉर्कल, रूफ रॅक ह्याच्यावरच बोलतात, आणि मी म्हणतीय की बाबांनो गाडीचं नंतर बघू, आधी ही ट्रिप कुत्र्याभोवती आखा, कारण रस्ता कुठला घ्यायचा, किती वाजता निघायचं, मुक्काम कुठं, झोपायचं कसं हे सगळं सुंद्रीच ठरवणार आहे, थार नाही.

सासूबाईंचं वेगळंच. "यल्लम्माच्या पौर्णिमेला डोंगराला जायचं सोडून कुत्रं घेऊन समुद्रावर जातीस होय गे?" असं म्हणून झालं त्यांचं. अर्धं बेळगाव त्या दिवसांत सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराच्या दिशेनं जातं आणि आम्ही बरोब्बर उलट्या दिशेनं, हे त्यांना पटायला अवघड आहे, पण मी पौर्णिमा मुद्दाम धरलीय. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि परत रात्री, मग ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी पण त्याच वेळेला. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतं, त्यामुळे मोबाईलवर टाइड टेबल बघायचंच, पण अंदाजाला हे गणित मस्त आहे. कुत्र्याला फिरवायला नेमकी हीच वेळ लागते, ऊन नाही, वाळू गार, आणि पाणी लांब गेल्यामुळे ओली घट्ट वाळू भरपूर मोकळी. ह्याच्या उलट अष्टमीला गेलात तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहालाच पाणी वरपर्यंत आलेलं आणि चालायला राहिलेली ती भुसभुशीत वाळूची पट्टी. पण पौर्णिमेला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, म्हणून वाळूवर सामान टाकून निवांत बसायचं नाही.

आता रस्ता. नवऱ्याच्या मनात कारवार होतं, रामनगर, जोयडा, अणशी करत. रस्ता सुंदर आहे ह्यात वादच नाही, पण तो काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो, आणि अभयारण्यात कुत्रं खाली उतरवायचं नसतं, म्हणजे तिला लघवीला न्यायला जंगल संपायची वाट बघायची. चोर्ला घाटाचं तेच, इकडं कणकुंबीच्या बाजूला भीमगड अभयारण्य आणि घाट उतरला की म्हादई. अनमोड घाटाला खाली मोलेचं अभयारण्य. बेळगावातून समुद्राकडं जायचं म्हणजे सह्याद्री ओलांडायचाच, त्याला इलाज नाही, पण त्यातल्या त्यात हिंडलग्यावरून शिनोळी, चंदगड तालुका, आंबोली, सावंतवाडी आणि वेंगुर्ला, हा आपला वेंगुर्ला रोड कुत्र्याला सोपा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आंबोलीपर्यंत शेतं आणि गावं लागत राहतात, कुठंही कडेला थांबून पाच मिनिटं पाय मोकळे करता येतात. आंबोलीत मात्र थांबायचं नाही. धबधब्यापाशी माकडं असतात आणि सुंद्रीनं माकड बघितलं तर पट्टा, पट्टा धरलेला माणूस आणि त्याच्या हातातला चहा सगळं दरीच्या दिशेनं जाईल. मुधोळ हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा, वास वगैरे घेत बसत नाही, लांब काहीतरी हललं की सुटला. त्यामुळे पट्टा ट्रिपभर सुटणार नाही, हा पहिला नियम. गळ्यातला पट्टा त्यांच्या बारीक डोक्यावरून सहज निघून येतो म्हणून छातीचा हार्नेस, आणि त्याला दहा मीटरची दोरी.

घाटात उलटी होऊ नये म्हणून निघायच्या आधी चार-पाच तास खायला काही नाही, फक्त पाणी. म्हणजे पहाटे निघायचं आणि तिचं जेवण सावंतवाडी गेल्यावर. वेळ कमी लागावा म्हणून घाटात जोरात वळणं घ्यायची नाहीत, हे दिराला लेखी द्यावं लागणार.

मुक्काम कुठं हा खरा प्रश्न. इंटरनेटवर फोटो बघून सगळ्यांना वाटतं की सुरूच्या बनात गाडी घालायची, चाकाला तंबू बांधायचा आणि समोर लाटा. असं चालत नाही हो. किनाऱ्यावरची सुरूची बनं बहुतेक सरकारी, राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि वाळूवर गाडी घालणं तर विसराच. गोव्यात बीचवर गाडी नेली की गुन्हा दाखल होतो, दंड होतो, आणि बाकीच्या किनाऱ्यांवर पण असल्या हौशी लोकांवर केसेस झाल्यात. कायदा बाजूला ठेवला तरी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वाळूवर येतात, सिंधुदुर्गात येतात, गोव्यात मोरजी-मांद्रे-आगोंद-गालजीबागला येतात, कारवारकडं पण येतात. घरटं वाळूखाली असतं, वरून काहीच कळत नाही. गाडीचं चाक गेलं की संपलं, आणि कुत्र्याला वास लागला तर उकरून काढणार. म्हणून अंधारात सुंद्री वाळूवर जाणार नाही, आणि उजाडताना जाईल ती आखूड पट्ट्यावर, पाण्याच्या कडेनं.

तर आम्ही शिरोडा ते वेंगुर्ला ह्या टापूत कुणाची तरी बाग बघतोय, नारळाची किंवा काजूची, मालकाला विचारून, पैसे देऊन, त्यांच्या विहिरीचं पाणी वापरून. केए २२ नंबर बघितला की तिकडची माणसं "बेळगावचे काय?" म्हणून आपणहून बोलायला लागतात, त्यामुळे विचारायला लाज वाटत नाही. फोनवर पहिलं वाक्य "कुत्रा आहे" हेच सांगायचं. त्यांच्याकडं कोंबड्या आहेत का, मोकळं सोडलेलं कुत्रं आहे का, मांजर आहे का हे विचारून घ्यायचं, आणि अजून एक, रानडुकरांसाठी कुंपणाला करंट सोडता का, फासकी लावता का. हे विचारायला जरा कसंतरीच वाटतं पण विचारायचं. जवळपास चिरेखाण आहे का हे पण. जांभ्याच्या जुन्या खाणींचे खड्डे सरळ कापलेले असतात, कठडा नसतो, आणि अंधारात पळणाऱ्या कुत्र्याला ते दिसायच्या आत तळाशी.

काजूची बाग असेल तर डिसेंबरच बरा. पुढं मार्च-एप्रिलला बोंडं पडायला लागतात आणि खाली पडलेल्या ओल्या काजूच्या टरफलात जे तेल असतं त्यानं माणसाची कातडी भाजते, तर कुत्र्यानं चावलं तर तोंडाचं काय होईल बघा. झाडावर हुमले, म्हणजे चावणाऱ्या लाल मुंग्या, आहेत का ते बघून मगच खाली तंबू. दव एवढं पडतं की सकाळी सगळं चिंब, म्हणून तंबूवर वेगळी ताडपत्री, ती रविवार पेठेतून घेणार, ब्रँडेड टार्पच्या पावपट किमतीत येते.

आता ज्याच्यावरून घरात सगळ्यात जास्त भांडण झालं ते. दिराचं म्हणणं, कुत्रं तंबूच्या बाहेर बांधू, राखण करेल. अजिबात नाही. कोकणात गावागावातून बिबट्या फिरतो, आणि वस्तीजवळच्या बिबट्याचं खाणं म्हणजे मुख्यतः कुत्री. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात पण शेळ्या-मेंढ्यांपेक्षा कुत्र्यांचाच वाटा मोठा निघाला. बाहेर बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते बिबट्याला आपल्या तंबूपर्यंत बोलावतं, आणि बांधलेलं असल्यामुळे त्याला पळता पण येत नाही. सुंद्री रात्री थारमध्ये झोपणार, मागच्या सीट पाडून, काचा दोन बोटं उघड्या, आणि मी पुढच्या सीटवर. नवरा आणि दीर तंबूत झोपू देत, त्यांना हौस आहे. रात्री तिला बाहेर काढायचं झालं तर दोघांनी मिळून, मोठी टॉर्च घेऊन, पाय आपटत, कारण फुरसं, विषारी साप. कोकणात फुरसं भरपूर, एवढंसं असतं, पालापाचोळ्यात दिसत पण नाही, आणि कुत्रं सगळीकडं आधी नाकच घालतं.

दिवसा मात्र गाडीत एक मिनिट पण कोंडायचं नाही. आमच्या मॉडेलमध्ये मागं एसीचे व्हेंट नाहीत, डिसेंबरच्या उन्हात सुद्धा उभी गाडी दहा मिनिटांत तापते. वाळूचं पण तेच, हाताची मागची बाजू वाळूवर ठेवून पाच-सात सेकंद धरवली नाही तर कुत्र्याच्या तळव्याला पण ती नाही चालणार. म्हणजे नऊनंतर समुद्र बंद, बागेत सावलीला. तिला दिवसाला दीड लिटर तरी पाणी लागेल, खेळली तर जास्त, आणि समुद्रावर जाताना गोडं पाणी सोबत पाहिजेच, नाहीतर खारं पाणी पिते आणि मग उलट्या-जुलाब चालू.

वाळूवर अजून एक भानगड असते, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की नको असलेले मासे तिथंच टाकतात. त्यात केंड असतो, तो फुगणारा, काटेरी. तो विषारी, वाळलेला असला तरी विषारीच, आणि त्याच्यावर औषध नाही. शिंगटीचा काटा, पाकटाची नांगी, तुटलेल्या जाळ्याचे हूक, हे सगळं त्याच ढिगात. सुंद्रीला "सोड" म्हटलं की तोंडातलं सोडायला आत्तापासून शिकवतीय, सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवून, आणि शेजारच्या काकू रोज वासाच्या नावानं ओरडतात.

गोचिडांचं गंमत म्हणून घेऊ नका. माकडताप, म्हणजे केएफडी, १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, पण नंतर तो उत्तर कन्नड, गोव्याचा सत्तरी आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गाकडं पण आला. गोचिडीतून पसरतो, आणि सीझन नेमका डिसेंबर ते मे, म्हणजे आपला फिरायचा सीझन. कुत्रं झुडपातून गोचिडी अंगावर घेऊन थेट आपल्या पांघरुणात आणून सोडतं. तिला डॉक्टरांकडून गोचिडाची गोळी निघायच्या आठवडाभर आधी, आणि तिकडं रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली बोटानं चाचपून बघायचं. आपण फुल पँट, पँट मोज्यात खोचून, दिसायला कितीही वाईट दिसलं तरी. जंगलात माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. गोचिडीतूनच कुत्र्याला वेगळा ताप पण होतो, परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती मलूल झाली, खाईना झाली तर रक्त तपासायचं.

मग थार कशाला, असं दीर विचारतो तोंड पाडून. अहो आहे की काम. बागेत जाणारी वाट म्हणजे जांभ्याचे सुटे दगड, मध्ये गवताचा उंचवटा, शेवटी उभा चढ, तिथं फोर लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर, टाकून सावकाश गेलं की मागं कुत्रं आपटत नाही. बागेतली वाळूची पट्टी लागली तर टायरची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी कॉम्प्रेसरनं परत भरायची. फावडं, टोचन करायची दोरी आणि कॉम्प्रेसर, बास. विंच आणि स्नॉर्कलचे पैसे मी दुसरीकडं वळवलेत: मागं घसरू नये म्हणून रबरी मॅट, हार्नेस अडकवायला सीटबेल्टचा पट्टा, आणि चढायला घडीची पायरी, कारण दोन दारांची थार उंच आहे आणि मागं शिरायला पुढची सीट सरकवून वाकडं व्हावं लागतं, माणसालाच जमत नाही तर कुत्र्याला काय.

खाणं तिचं घरचंच, भात, अंडी, उकडलेलं चिकन हाडं काढून. आमच्या रस्स्यातला कांदा तिला नको, शिजवलेली हाडं नको. तिकडं मासे आणून चुलीवर करायचा विचार आहे, पण बागेत वाळलेला पाला बघता चूल मालक सांगेल तिथंच, नाहीतर छोटा सिलिंडर.

लसीचं पुस्तक सोबत, रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्हीचे डोस झालेले. सावंतवाडी आणि वेंगुर्ल्यातले जनावरांचे दवाखाने कुठं आहेत, रविवारी कोण भेटतं, सापाच्या विषावरची लस कुठं ठेवतात, हे निघायच्या आधी फोन करून विचारायचं काम नवऱ्याकडं दिलंय. त्यानं अजून एक पण फोन केलेला नाही, रूफ रॅकचे व्हिडिओ मात्र रोज बघतोय.