मधली 19 स्टेशनं

बर्लिनच्या मेट्रोत दार मिटण्याआधी एक सूचना ऐकू येते, 'त्सुरुकब्लायबन, बिटे.' मागे थांबा. पहिले पाच महिने मी ती रोज ऐकली आणि रोज दाराच्या आतच होते. मांडीवर लॅपटॉप, कानात आदल्या दिवशीच्या लेक्चरचं रेकॉर्डिंग.

यंदा इकडे यायच्या तयारीत असलेल्या दोघी-तिघींनी विचारलं, नोकरी करून मास्टर्स जमतं का? एका ओळीत उत्तर देणं खोटेपणाचं होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सप्टेंबर 2024 मध्ये सांगलीहून इथे आले. पुण्यात चार वर्षं नोकरी केली होती, त्यामुळे कामाची सवय होती. युनिव्हर्सिटी डालेममध्ये, म्हणजे शहराच्या नैऋत्येला. नोकरी मिळाली ती वार्शाउअर श्ट्रासंला, पार पूर्वेकडे. दोन्ही ठिकाणं जोडणारी एकच मेट्रो, यू-थ्री. थीलप्लाट्झला बसायचं आणि शेवटच्या स्टेशनला उतरायचं. मध्ये 19 स्टेशनं, साधारण चाळीस मिनिटं.

आधी पैशांचं सांगते, कारण घरी सगळ्यांना तीच काळजी असते. इथल्या सरकारी विद्यापीठात माझ्या कोर्सला फी नाही. दर सेमिस्टरला 300 युरोंच्या वर एक रक्कम भरावी लागते, आणि त्यातच शहरातला प्रवास येतो. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे एका बंद खात्यात ठेवावे लागतात. माझ्या वेळी ते 11,208 युरो होते, सप्टेंबर 2024 पासून 11,904 झाले. त्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम हातात येते. माझ्या खोलीचं भाडंच 560. बाबांनी शेतावर काढलेलं कर्ज लवकर फेडायचं होतं, म्हणून नोकरी हवीच होती. सेमिस्टर चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, सुट्टीत जास्त. अशा नोकरदार विद्यार्थ्याला इथे 'वेर्कश्टुडेंट' म्हणतात.

वीस तास म्हणजे अर्धीच नोकरी, असं मला वाटलं होतं. चूक तिथेच झाली. एका सेमिस्टरचे 30 क्रेडिट आणि एका क्रेडिटला साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे सहा महिन्यांत 900 तास, आठवड्याला पस्तीसच्या आसपास. त्यात नोकरीचे वीस मिळवा. पंचावन्न झाले, आणि यात स्वयंपाक नाही, कपडे नाहीत, जर्मन शिकणं नाही, आजारपण नाही. हे गणित मी विमानात बसण्याआधी करायला हवं होतं. तुम्ही करा.

त्यात घराची परवड. पहिली खोली पोटभाड्याची होती. इथे राहायला आल्यापासून चौदा दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते, 'अनमेल्डुंग'. त्यासाठी घर देणाऱ्याची सही लागते, आणि ज्यांनी खोली दिली त्यांनी ती द्यायला नकार दिला. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही, कर क्रमांक नाही म्हणून पगारातून सगळ्यात वरच्या दराने कर कापला गेला. (तो पुढे परत मिळतो, घाबरू नका. पण त्या महिन्यांत आपल्याला तो हवा असतो.) शिवाय इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर माझं नाव लावू दिलं नव्हतं, त्यामुळे बँकेचं कार्ड आलं तसं परत गेलं. सही देणार का, पेटीवर नाव लावू देणार का, हे दोन प्रश्न खोली बघायला जाल तेव्हा दारातच विचारा. भाडं नंतर.

डिसेंबरमध्ये इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. सकाळी आठला निघायचे तेव्हा अंधार, लेक्चर संपवून बाहेर यायचे तेव्हाही अंधार. आई रविवारी फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" मी हो म्हणायचे. बर्लिन कसं आहे विचारलं की माझ्याकडे सांगायला काही नसायचं. मी बर्लिन बघितलंच नव्हतं.

फेब्रुवारीत परीक्षा आल्या. पाच विषय घेतले होते. एका सकाळी थीलप्लाट्झला उतरायचं तर डोळा लागला आणि जाग आली ती थेट क्रुमं लांकंला, दुसऱ्या टोकाच्या शेवटच्या स्टेशनावर. डबा रिकामा. एक बाई माझ्या खांद्याला हात लावून काहीतरी विचारत होत्या आणि मला जर्मनमध्ये 'मी ठीक आहे' एवढंही सुचेना. त्या दिवशीचा पेपर गेला. अवघड होता म्हणून नव्हे, मी पोचलेच उशिरा.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. पुढच्या सेमिस्टरला 30 ऐवजी 20 क्रेडिट घेतले, म्हणजे चारऐवजी पाच सेमिस्टर लागणार हे मान्य केलं. घरी सांगताना पोटात गोळा आला होता. बाबा इतकंच म्हणाले, "मग सहा महिन्यांनी ये. ऊस काय एका वर्षात तोडून संपतो का?" दुसरी गोष्ट, मॅनेजरला स्पष्ट सांगितलं की गुरुवारी साडेचारनंतर मी नसेन. मला वाटलं होतं ते नाराज होतील. इथे काम संपल्यावर एकमेकांना 'शोनन फायराबेंड' म्हणतात, तुझी संध्याकाळ चांगली जावो. त्यांनीही तेच म्हटलं आणि कॅलेंडरवर वेळ बंद करून टाकली. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, पण मागितलं की वाद घालत नाहीत, हा माझा इथला अनुभव.

गुरुवारच्या त्या मोकळ्या वेळात मी मधल्या एका स्टेशनावर उतरायला लागले. दर आठवड्याला एक. नियम एवढाच की लॅपटॉप उघडायचा नाही.

ग्लाइसड्रायएकला मेट्रो जमिनीपासून उंचावर, लोखंडी पुलावर असते. खाली जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर मोठी बाग केली आहे. काही ठिकाणी रूळ तसेच ठेवलेत आणि त्यांच्यामधून बर्चची झाडं वर आली आहेत. हायडलबेर्गर प्लाट्झचं स्टेशन जमिनीखाली आहे, पण कमानी अशा की चर्चमध्ये उभं आहोत असं वाटतं. रोज त्याच्याखालून जात होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. श्लेझिशेस टोरला उतरून ओबरबाउमब्रुक या विटांच्या पुलावरून श्प्रे नदी पायी ओलांडली. भिंत होती त्या काळात हा पूल म्हणजे सरहद्द. मेट्रो त्यावरून पुन्हा धावायला लागली ती 1995 मध्ये. मी नोकरीवर जाताना दोन मिनिटांत जे ओलांडते, त्यासाठी लोकांनी किती वर्षं वाट बघितली, हे पुलाच्या मध्यावर उभं राहिल्यावर अंगावर आलं.

कॉटबुसर टोरचं वेगळं सांगायला हवं. तिथे तुर्की लोकांची दुकानं आहेत. भेंडी, जुडी-जुडीने कोथिंबीर, वांगी. एका दुकानात फ्रीजमधल्या बादलीवर 'स्युझ्मे' लिहिलेलं होतं. मी दुकानदाराला खुणेने विचारलं, हे काय? त्यांनी दोन्ही हातांनी फडकं पिळल्यासारखं केलं आणि वरून काहीतरी टांगल्यासारखं. मी तिथेच मराठीत म्हणाले, "अहो, हा तर चक्का!" घट्ट, पांढराशुभ्र, चमचा उभा राहील असा. 30 मार्चला पाडवा होता, रविवारी. रविवारी इथे दुकानं बंद, म्हणून शनिवारीच आणून ठेवला. वेलदोडे सांगलीहून आणलेले होते, केशर नव्हतं. त्याच रात्री इथे घड्याळं एक तास पुढे केली गेली, उन्हाळ्याची वेळ सुरू झाली. दोन्ही फ्लॅटमेट उशिरा उठल्या आणि नाश्त्याला श्रीखंडच खाल्लं. खिडकीत गुढी उभारली, पळीवर.

थीलप्लाट्झच्या बाजूलाही एक ठिकाण मला उशिरा सापडलं. स्टेशनापासून काही मिनिटांवर इनेश्ट्रासं 22 ही इमारत आहे. आज तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. पूर्वी तिथे मानववंशशास्त्राची संस्था होती, आणि इरावतीबाई कर्वे 1928 साली भारतातून येऊन तिथेच पीएच.डी.चं काम करत होत्या. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू वंशानुसार कमी-जास्त असमान असते का, हे त्यांना तपासायचं होतं. गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाला आधार मिळेल अशी त्यांच्या मार्गदर्शकांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा फरक सापडला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. पुढे नाझी काळात त्या संस्थेने काय काय केलं, ते दाराजवळच्या फलकावर कोरलेलं आहे. मी तो फलक वाचून बराच वेळ तिथेच उभी राहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध उत्तर येतंय हे दिसताना त्या रोज सकाळी कशा निघत असतील? थीलप्लाट्झचं स्टेशन 1913 पासूनचं आहे. त्याही इथेच उतरत असतील, असं मला मनापासून वाटतं.

आता माझी दुसरी खोली आहे. सही मिळाली, नोंदणी झाली. पत्रपेटीवर तीन आडनावं आहेत, तिसरं माझं, फ्लॅटमेटने निळ्या पेनाने लिहून चिकटपट्टीने लावलेलं. पावसाने थोडं पसरलंय पण वाचता येतं. राहिलेला पेपर दिला, 1.7 मिळाले. (इथे 1.0 सगळ्यात वरचा असतो. आईला हे तीनदा सांगावं लागलं.) नोकरी अजून वीस तासांचीच आहे आणि थकवा गेलेला नाही, परीक्षेच्या आठवड्यात अजूनही भात-वरण दोन दिवस पुरवते. पण आईचा फोन आता गुरुवारी रात्री येतो आणि पहिला प्रश्न बदललाय.

"आज कुठं उतरलीस?"

उद्याचं ठरलंय, प्रिन्झनश्ट्रासं. नुसतं नाव ऐकलंय, तिथे काय आहे ते माहीत नाही.