शेवटी सगळं तेलासाठीच ना?

नोकरीची बहुतेक वर्षं कॉलेजात आधुनिक जगाचा इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे आखातात कुठे बॉम्ब पडला की लोक मला गाठतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला गेलं की टेकडीवरसुद्धा. प्रश्न एकच असतो: ‘सर, बाकीची कारणं सोडा हो, शेवटी सगळं तेलासाठीच ना?’ उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची असते. मी ती डोलवत नाही आणि ‘नाही’ असंही म्हणत नाही, तेव्हा सर टाळताहेत असं त्यांना वाटतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगतो.

सांगायला मला अबादानसारखी दुसरी जागा सापडलेली नाही. इराणच्या नैर्ऋत्य टोकाला, शत्त अल्-अरबच्या, म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र होऊन आखाताकडे जाणाऱ्या नदीच्या, काठावरचं हे बेट. विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रजाने १९०१ मध्ये इराणच्या शाहाकडून साठ वर्षांचा तेलाचा मक्ता घेतला. तेल लागेना आणि पैसे संपत आले, तेव्हा ग्लासगोच्या बर्मा ऑइल कंपनीने पैसा ओतला. (पुढे आपल्याकडे घरोघरी रॉकेलच्या डब्यांवर दिसणारं ‘बर्मा-शेल’ हे नाव निम्मं याच कंपनीचं.) २६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमानला तेल उसळलं. त्या विहिरीवर पहारा होता भारतातून पाठवलेल्या घोडेस्वारांच्या छोट्या तुकडीचा. मग अँग्लो-पर्शियन कंपनी निघाली, डोंगरातून नळ टाकला गेला, अबादानला शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. कारखान्यातले कसबी कामगार बर्मा आणि हिंदुस्थानातून नेले. त्यांनी तिथे बांधलेल्या मशिदीला आजही रंगूनी मशीद म्हणतात.

१९१४ च्या जूनमध्ये चर्चिलने, तेव्हा तो आरमाराचा मंत्री होता, या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा २२ लाख पौंडांना ब्रिटिश सरकारच्या नावावर केला. आरमार कोळशावरून तेलावर जात होतं. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला भारतीय फौजेने शत्त अल्-अरबच्या मुखाशी, तुर्कांच्या ताब्यातल्या फाओला पाय ठेवला. आधी सरकारने कंपनी घेतली, पाच महिन्यांत फौज गेली. मुलांना एवढं सांगितलं की मागच्या बाकावरूनसुद्धा आवाज यायचा, ‘बघा, तेलासाठीच!’

आता कागद बघा. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला चर्चिलचा शेरा आहे की या तेलाच्या रक्षणाला फौज मिळण्याची शक्यता फारशी नाही, तेल दुसरीकडून विकत घ्यावं लागेल. म्हणजे ज्याने दोनच महिन्यांपूर्वी कंपनी घ्यायला लावली, तोच हात वर करत होता. फौज पाठवा म्हणून धरून बसले होते ते लंडनच्या इंडिया ऑफिसातले, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्यातले लोक. तिथले लष्करी सचिव जनरल सर एडमंड बॅरो यांचं सप्टेंबरच्या अखेरचं टिपण प्रसिद्ध आहे. त्याचा मथितार्थ असा: वरकरणी तेलाच्या कारखान्याचं रक्षण म्हणायचं, प्रत्यक्षात तुर्कांना दम द्यायचा आणि अरबांना कळवायचं की आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. तुर्की सुलतान जर्मनांच्या बाजूने उतरला आणि त्याने खलिफा म्हणून जिहाद पुकारला, तर हिंदुस्थानातल्या मुसलमानांचं आणि सरहद्दीवरच्या टोळ्यांचं काय होईल, ही खरी धास्ती होती.

मला या टिपणाची गंमत वाटत आली आहे. खोटी कारणं उदात्त असतात आणि खरं कारण तेल असतं, अशी आपली समजूत. इथे उलट. तेल हे चारचौघांत सांगायचं कारण होतं, आणि पोटातलं कारण होतं साम्राज्याची अब्रू आणि प्रतिस्पर्ध्याची भीती. जहाजं मुंबईहून निघाली तीही ऑक्टोबरात, तुर्कस्तानशी युद्ध जाहीर होण्याआधी.

ही फौज कुणाची होती ते सांगायलाच हवं. सहावी डिव्हिजन, नाव ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा पलटण होती. २२ नोव्हेंबरला बसरा हातात आलं आणि अबादान सुरक्षित झालं. तेलाचंच काम असतं तर ते तिथेच संपलं होतं. पण फौज टायग्रिसच्या काठाने वर चढत राहिली, कारण बगदाद घेतलं तर पूर्वेत डंका वाजेल असा हिशोब होता. बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ती अडली, मागे फिरली आणि कूत-अल्-अमाराला वेढली गेली. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. शेवटी घोडे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिलला जनरल टाउनशेंडने शरणागती दिली, तेव्हा सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांतली हजारो वाळवंटातून चालताना किंवा रेल्वेच्या कामावर मेली. या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. सातारा, कोकण, कोल्हापूर या भागांत काही गावांमध्ये संगमरवरी पाट्या आहेत, गावातून किती माणसं महायुद्धावर गेली आणि किती परतली नाहीत एवढंच त्यांवर आहे. त्यातली किती अबादानसाठी गेली आणि किती बगदादच्या डंक्यासाठी, हे त्यांना पाठवणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

मग तेल कुठे आलं? ते आलं परत जायची वेळ झाल्यावर. १९१८ च्या उन्हाळ्यात युद्ध मंत्रिमंडळाचा सचिव मॉरिस हँकी परराष्ट्रमंत्री बाल्फोरला लिहीत होता की पुढच्या युद्धात आज कोळशाला जी जागा आहे ती तेलाला मिळेल, आणि मेसोपोटेमियाचं (आजच्या इराकचं) तेल हे पहिल्या दर्जाचं युद्धोद्दिष्ट मानावं. ३० ऑक्टोबरला तुर्कांशी युद्धबंदी झाली. त्याच दिवसांत मोसुलच्या दक्षिणेला शरकातची लढाई चालू होती आणि ११४ वी मराठा पलटण तिथे लढत होती. युद्धबंदी होऊनही ब्रिटिश फौज नोव्हेंबरात मोसुलमध्ये शिरलीच. वास्तविक १९१६ च्या सायक्स-पिको या ब्रिटन-फ्रान्समधल्या गुप्त करारात मोसुल फ्रान्सच्या वाट्याला दिलं होतं. फ्रान्सने हक्क सोडला आणि १९२० मध्ये सॅन रेमोच्या परिषदेत बदल्यात तेल कंपनीतला चौथा हिस्सा घेतला. किरकूकजवळ बाबा गुरगुरला तेल उसळलं १९२७ मध्ये, म्हणजे सगळी वाटणी होऊन गेल्यावर. वीजजोडणी मिळायच्या आत गिरणी कुणाची यावर भाऊबंदकी व्हावी, तसं.

१९४१ पटकन उरकतो. जर्मन रशियात घुसले होते आणि रशियाला रसद पोचवायला इराणची रेल्वे हवी होती. २५ ऑगस्टला उत्तरेकडून सोव्हिएत आणि दक्षिणेकडून ब्रिटिश फौजा शिरल्या, आणि अबादान पुन्हा भारतीय ब्रिगेडनेच ताब्यात घेतलं. रझा शाहाला गादी सोडावी लागली. त्याला घेऊन जहाज मुंबईसमोर आलं, पण किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. बोटीवरच कळवण्यात आलं की मुक्काम मॉरिशस.

मला खरं सांगायचंय ते १९५१ आणि १९५३ बद्दल. माझं सगळं उत्तर या दोन वर्षांच्या फरकात आहे.

१९५१ च्या मार्चमध्ये इराणच्या संसदेने तेल राष्ट्रीय मालकीचं केलं आणि एप्रिलअखेर मोहम्मद मोसादेक पंतप्रधान झाले. अबादान तेव्हा जगातला सर्वांत मोठा शुद्धीकरण कारखाना होता. कंपनी ब्रिटिश सरकारला कर म्हणून जेवढं देत होती, त्याच्या निम्म्यानेही इराणला स्वामित्वशुल्क देत नव्हती. शेजारी सौदीत अमेरिकन कंपन्यांनी १९५० च्या डिसेंबरात नफ्यात निम्मे-निम्मे मान्य केलं होतं. लंडन खवळलं. अबादान बळाने घेण्याच्या योजना तयार झाल्या, परराष्ट्रमंत्री हर्बर्ट मॉरिसन त्यासाठी उतावीळ होता. म्हणजे तेलही होतं, लोभही होता आणि कारणही तयार होतं. तरी एकही सैनिक उतरला नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीचे उरलेसुरले इंग्रज कर्मचारी युद्धनौकेत बसून निमूटपणे निघून गेले. योगायोगाने तिचं नावही ‘मॉरिशस’च.

असं का झालं? एक, अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमन याने साथ द्यायला नकार दिला. १९२१ चा सोव्हिएत-इराण करार होता, त्यात तिसऱ्या कुणी इराणात फौज घातली तर रशियाला फौज घालायची मुभा होती. ब्रिटिश दक्षिणेत उतरले असते तर रशियन उत्तरेत येणार, हे वॉशिंग्टनला नको होतं. दोन, आणि हे कारण आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं, भारत स्वतंत्र झाला होता. १९१४ ला, १९४१ ला, अगदी १९४६ मध्ये अबादानच्या कामगारांनी संप केला तेव्हाही मुंबई-कराचीहून फौज बसऱ्याला धाडता येत होती. १९५१ मध्ये ती सोय राहिली नव्हती. इंग्लंडला कारखाना हवा होता, पण तो घेणारे हात आता दुसऱ्या सरकारचे होते. त्या दुसऱ्या सरकारचं स्वतःचंच त्रांगडं होतं: भारतात येणाऱ्या शुद्ध तेलाचा मोठा भाग अबादानहून यायचा. त्याच १९५१ च्या अखेरीस भारत सरकारने परदेशी कंपन्यांशी करार केले आणि १९५५ पर्यंत तुर्भ्या-माहुलचे कारखाने सुरू झाले. चेंबूरच्या हवेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तेहरानपासून करावी लागेल.

१९५३ मध्ये तेल तेच, कारखाना तोच, मोसादेकही तेच. वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर आला होता आणि इराणातला तुदेह हा कम्युनिस्ट पक्ष देश रशियाच्या पदरात टाकेल, ही भीती तिथे पक्की बसली होती. लंडनने ती भीती जाणून तिला खतपाणी घातलं. अमेरिकनांपुढे ‘आमची कंपनी’ म्हणून रडण्यापेक्षा ‘कम्युनिस्ट येताहेत’ म्हणणं जास्त चालतं, हे त्यांना उमगलं होतं. १९ ऑगस्ट १९५३ ला मोसादेक उलथवले गेले. सीआयएने आपला हात २०१३ मध्ये उघडपणे कबूल केला.

आता लुटीची वाटणी बघा. इराणचं तेल काढायला १९५४ मध्ये कंपन्यांचा जो गट केला, त्यात जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के, अमेरिकन कंपन्यांना ४०, शेलला १४ आणि फ्रेंचांना ६. हे आकडे ऐकले की श्रोते समाधानाने सुस्कारा सोडतात: सापडला चोर. पण अमेरिकन कंपन्या त्या गटात यायला नाखूश होत्या. सौदी आणि कुवेतचं तेल त्यांना जास्त होत होतं, इराणचं उचललं तर तिथलं कमी करावं लागणार होतं. त्यांच्या सरकारने त्यांना जवळजवळ ढकललं, मक्तेदारीविरोधी खटल्यात सवलत दाखवली. इराणला उत्पन्न मिळालं नाही तर ते कोसळेल आणि रशियाच्या हाती जाईल, असा सरकारचा हिशोब होता. तेल मिळवायला सरकार उलथवलं, हे लंडनबद्दल खरं आहे. वॉशिंग्टनच्या बाबतीत क्रम उलटा: सरकार टिकवायला तेलाची सोय लावली.

म्हणून मी मान डोलवत नाही. तेल जमिनीखाली जागेवरच असतं, दर वर्षी तेवढंच मोहक. फौज कधी निघते, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरतं, दुसरं कोण तिथे हात घालील या भीतीने. जानेवारी १९८० मध्ये कार्टरने जाहीर केलं की आखातावर ताबा मिळवायचा बाहेरच्या कुठल्याही शक्तीचा प्रयत्न हा अमेरिकेच्या हितावरचा हल्ला समजला जाईल. हे वाक्य नीट ऐका: आम्ही घेऊ असं त्यात नाही, दुसऱ्याला घेऊ देणार नाही असं आहे. त्याच्या महिनाभर आधी रशियन अफगाणिस्तानात शिरले होते.

‘फक्त तेलासाठी’ याच्या सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण मी जपानचं देईन. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने त्यांचं तेल तोडलं, आणि सहा-सात महिन्यांत जपानी छत्रीधारी सैनिक सुमात्रातल्या पालेमबांगच्या कारखान्यांवर उतरले. पण तेल तोडलं होतं ते चीन आणि इंडोचीनमधल्या त्यांच्या घुसखोरीमुळे. तिथेही सुरुवात दुसरीकडेच.

इराकचं, २००३ चं, तुम्ही विचारणारच. एप्रिलमध्ये बगदादचं वस्तुसंग्रहालय लुटलं जात होतं आणि तेल मंत्रालयासमोर अमेरिकन रणगाडे उभे होते. हे चित्र लोक विसरत नाहीत आणि विसरूही नये. पण २००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचे लिलाव केले तेव्हा सगळ्यात मोठं रुमैला क्षेत्र गेलं ब्रिटिश बीपी आणि चिनी सीएनपीसीला, तेही पिंपामागे दोन डॉलर एवढ्या मजुरीवर. एक्सॉनला मिळालं वेस्ट कुर्ना, पण चिन्यांनी बरंच काही उचललं. आपल्या कंपन्यांसाठी युद्ध केलं असेल तर हा धंदा फार वाईट झाला. सद्दामने तेल युरोत विकायला काढलं म्हणून हल्ला झाला, असा एक संदेश मला महिन्यातून एकदा तरी येतो. तो पाठवणाऱ्यांनी कृपया थोडं थांबावं.

यानंतरचा प्रश्न सहसा दबक्या आवाजात येतो: ‘आपण मात्र असं करत नाही ना?’ आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले झाल्यावर भारतीय नौदलाने ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू केलं, आणि आपल्या युद्धनौका आपल्या टँकरांना सोबत करू लागल्या. कुणाच्या भूमीवर पाय ठेवलेला नाही, हा फरक मोठाच आहे. पण या समुद्रात चिनी नौदलही आहे, आणि दिल्लीत त्याचीही मोजदाद होतच असणार. मुंबईहून बसऱ्याच्या दिशेने पुन्हा कधी फौज निघालीच, तर तिच्या हुकमावर तेलाचं नाव असेल की नसेल, मला त्याची फार उत्सुकता नाही. त्या आठवड्यात त्या पाण्यात आणखी कुणाची जहाजं होती, ते मी आधी बघेन.