हार्ड डिस्क गेली म्हणाले, गेली होती बॅटरी

पीसी बिघडला आणि दुकानदार 'फॉरमॅट मारावा लागेल' (म्हणजे डिस्क पुसावी लागेल) म्हणाला की लगेच मान हलवू नका, एवढं सांगायलाच हे लिहितोय. मी हलवली असती तर बारा वर्षांचं काम गेलं असतं.

माझं बार्शीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं, काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, वर्षश्राद्धाची कार्डं. पीसी २०१२ साली असेंबल करून घेतलेला, दुसऱ्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड आणि त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपी अजून कशाला म्हणाल, तर पेजमेकर (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि जुने मराठी फॉन्ट त्यावरच नीट बसलेत, ते युनिकोड (सगळीकडे चालणारे) नाहीत, दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबं दिसतात. नवीन काम लॅपटॉपवर होतं पण जुनं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं थोरल्याच्या लग्नात केली तशीच पत्रिका करा, तेव्हा हाच पीसी लागतो.

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून आषाढी एकादशीपासून मी तो भिंतीवरच्या बटणापासूनच बंद ठेवला होता. तुळशीचं लग्न झालं आणि चालू करायला गेलो तर पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही, नुसतं बीप बीप. ते सोपं निघालं, रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबरने घासली, परत बसवली, डिस्प्ले आला. मग काळ्या स्क्रीनवर सीमॉस चेकसम बॅड (म्हणजे बोर्डाने जपलेली सेटिंग्ज बिघडली), एफ१ दाबा. बोर्डावरची बॅटरी बदलली (सीआर२०३२, घड्याळजींकडे मिळते, मला ३० रुपयांना मिळाली), तारीख-वेळ घातली, सेव्ह केलं. झालं वाटलं.

आणि इथेच अडकलो. विंडोजचा लोगो यायचा, खालची निळी पट्टी दोन-तीनदा फिरायची, डोळा लवेपर्यंत काहीतरी निळं चमकायचं आणि परत रिस्टार्ट. सेफ मोडला (कमीत कमी गोष्टींवर विंडोज चालू करायची सोय) पण तेच. दिवसभर हेच, आणि गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसलेलं.

शेवटी स्टँडजवळच्या दुकानात नेला. तिथल्या पोराने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारून बघतो, नाहीतर नवीन टाकू. डेटाचा चार्ज वेगळा." मी म्हटलं अरे बाळा, फॉरमॅट मारायचा नाही, त्यात माझं सगळं आहे. "ठेवून जा, उद्या सांगतो." ते उद्या नऊ दिवस चाललं. फोन केला की सर बाहेर गेलेत, गेलो की पार्ट यायचाय. कसला पार्ट ते कुणी सांगेना. सातव्या दिवशी मी स्वतः बघितलं, माझा कॅबिनेट कोपऱ्यात नेला होता तसाच, वर दुसऱ्या कुणाचा प्रिंटर ठेवलेला. नवव्या दिवशी उचलून आणला. तपासणीचे ३०० घेतले वर, पावती नाही. अजून आठवलं की डोकं तापतं. येत नाही तर नाही म्हणा ना, सीझनमध्ये माणसाला नऊ दिवस का लटकवता.

घरी आल्यावर पहिल्यांदा डिस्क काढून लॅपटॉपला लावली. त्यासाठी साटा (डिस्कची जोडणी) ते यूएसबी केबल लागते, पण अ‍ॅडॉप्टरवाली घ्या, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. लावली आणि सगळे फोल्डर समोर! सालाप्रमाणे, आडनावाप्रमाणे, जसेच्या तसे. आधी सगळं कॉपी करून घेतलं. म्हणजे डिस्क गेलेली नव्हतीच.

मग डिस्क परत पीसीत लावली आणि तो निळा स्क्रीन थांबवला. चालू होताना एफ८ दाबत राहायचं, मेनूत 'डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट' असतं ते घ्यायचं, मग निळा स्क्रीन तिथेच थांबतो आणि वाचता येतो. खाली शून्यांची रांग आणि शेवटी ७बी. शोधल्यावर कळलं की विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही तेव्हा हा आकडा येतो. आणि मग डोक्यात उजेड पडला. भिंतीवरचं बटण चालू असेल तर बोर्डाला थोडा करंट मिळत राहतो, चार महिने बंद म्हटल्यावर सगळा भार त्या जुन्या बॅटरीवर, ती मेली आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) फॅक्टरी सेटिंगवर गेला. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय; या बोर्डाचं फॅक्टरी सेटिंग एएचसीआय, आणि माझा एक्सपी टाकलेला आयडीई मोडमध्ये. लोगोपर्यंत बायोस डिस्क वाचून देतो म्हणून तिथवर जातं, पुढे विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने (डिस्क चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) वाचायला जातं आणि त्याच्याकडे एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही.

बायोसमध्ये साटा मोड आयडीई केला, एफ१० दाबून सेव्ह. लोगो, निळी पट्टी, आणि एक्सपीची ती सुरुवातीची धून वाजली तशी बायको स्वयंपाकघरातून पळत आली. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

तुमचा विंडोज सेव्हन किंवा पुढचा असेल तर बहुतेक उलटं असेल, एएचसीआयच ठेवावं लागेल, त्यामुळे एकदा हे, एकदा ते करून बघा, नुसतं मोड बदलून बघितल्याने डेटा जात नाही. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, पीसी चांगला चालतोय तेव्हाच बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रॅमला हात लावण्याआधी मेनची पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे, मार्करने मोठ्या अक्षरात: साटा मोड आयडीई. खाली बॅटरी बदलल्याची तारीख.