इमॅजिकात किती पळायचं? ठाण्याहून दोनदा जाऊन आल्यावर

मे महिन्यात आमच्या बिल्डिंगची बस खोपोलीला गेली तेव्हा तिथल्या इमॅजिका थीम पार्कच्या गेटात पाय ठेवायलाच साडेबारा वाजले होते. निघायचं ठरलं होतं सहाला. माजिवड्याच्या नाक्यावर "आले, आले, लिफ्टमध्ये आहेत" करत सात वीस झाले. मग कळंबोली सोडल्यावर मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, एवढं खोपोलीला जातोच आहोत तर महडच्या गणपतीला हात जोडून जाऊ. अष्टविनायकांपैकी एक वाटेवर आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? रविवार होता. दर्शनाला पाऊण तास, मग नारळपाणी, मग एका काकांची चप्पल सापडेना.

त्या दिवशी बावीस जणांनी मिळून चार राइड केल्या. सगळ्यांनी एकत्रच राहायचं, हा वर हट्ट. एकाला बाथरूमला जायचं की बाकीचे एकवीस उन्हात उभे. जेवलो साडेतीनला. संध्याकाळच्या परेडच्या वेळी आमचा धाकटा बाबाच्या खांद्यावर गाढ झोपला होता, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तोच झोपला म्हणून बाबा चिडला होता. येताना शिळफाट्याला अडकलो, घरी बारा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर "मस्त झाली ट्रिप"खाली अंगठ्यांची माळ. मीही एक टाकला.

डिसेंबरात परत गेलो ते त्या अंगठ्याचं प्रायश्चित्त म्हणून. या वेळी पाचच जण: मी, नवरा, तेरा वर्षांची थोरली, सात वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. त्या एकोणसत्तरच्या, गुडघे बेताचे, उत्साह भरपूर. गॅदरिंगनंतर शाळेला सोमवार-मंगळवार सुट्टी होती. सोमवारी पार्क, रात्री खोपोलीत एका साध्या हॉटेलात मुक्काम, मंगळवारी परत.

मे महिन्यात नवऱ्याने वेळापत्रक केलं होतं, पंधरा-पंधरा मिनिटांचं, रंगीत. ते कळंबोलीलाच निकालात निघाल्यामुळे आता तो दुसऱ्या टोकाला गेला होता. "या वेळी काहीच ठरवायचं नाही. आरामात." ऐकायला छान वाटलं. साडेसातला निघालो, ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोड मोकळा मिळाला, कळंबोलीहून एक्स्प्रेसवे. आणि मग फूडमॉलला आरामात चहा. चहाबरोबर इडली. इडलीनंतर थोरलीला कॉफी. सासूबाईंना तिथली झाडं आवडली. पार्कात शिरलो तेव्हा गेट उघडून तास होऊन गेला होता, आणि समोर शाळांच्या सहलीच्या बसची ही रांग!

इथे आमची चूक मी स्पष्टच लिहिते, कारण बरेच जण हीच करतात. आठवड्यातला दिवस म्हणजे पार्क रिकामा, असं आपण धरून चालतो. डिसेंबर-जानेवारीत तसं नसतं, तो सहलींचा मोसम. तेव्हा आरामच करायचा असेल तर तो दुपारी करा, सकाळी नाही. गेट उघडतानाचा पहिला दीड तास सोन्याचा असतो. आम्ही तो इडलीवर घालवला.

एक गोष्ट मात्र या वेळी बरोबर केली. आत गेल्या गेल्या एका मोठ्या झाडाखालचा बाक सासूबाईंनी पसंत केला आणि तो आमचा तळ ठरला. पर्समध्ये आवळा सुपारी, मोबाइलवर कीर्तन, कानात इयरफोन. "मी इथे आहे. तुम्ही या-जा." ज्याला ज्यात बसायचं त्यात त्याने बसावं आणि दर दीड तासाने बाकापाशी यावं, एवढाच नियम. धाकट्याला घेऊन नवरा टबीच्या उडत्या हत्तींकडे गेला, मी आणि थोरली नायट्रो या रोलर कोस्टरकडे.

नायट्रोबद्दल थोडं सविस्तर, कारण तेरा वर्षांचं पोर घरात असेल तर तुमची सहल त्याभोवतीच फिरणार आहे. सुमारे ४० मीटर उंच, वेग ताशी १०५ किलोमीटरच्या घरात, आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. पण आकड्यांनी भीती वाटत नाही. भीती वाटते ती फलाटावर. आपण खुर्चीत बसतो, खांद्यांवरून दांडे खाली येतात, पायातल्या चपला आधीच काढून बाजूला ठेवलेल्या असतात. आणि मग पायाखालची जमीन सरकते. म्हणीतली नाही, खरोखरची: लोखंडी फरशी खाली जाते आणि अनवाणी पाय हवेत लोंबकळतात. मी खाली पाहिलं तर माझ्या एका अंगठ्याचं नेलपॉलिश निघालेलं होतं. त्या क्षणी तेवढंच दिसलं. मग साखळीचा खडखडाट, वर वर वर, समोर डोंगर, आणि पुढचं मला सांगता येणार नाही, कारण डोळे मिटलेले होते. थोरली उतरताच म्हणाली, "परत!" मी म्हटलं, बाबाला घेऊन जा.

रांगेला पन्नास मिनिटं लागली होती. त्या पन्नास मिनिटांत मुलीने मला वर्गातल्या तीन भानगडी सांगितल्या, ज्या घरी कधीच सांगितल्या नसत्या. त्यामुळे तो वेळ वाया गेला असं मला म्हणवत नाही. पण नवऱ्याच्या हिशोबात ती पन्नास मिनिटं म्हणजे दोन राइडचं नुकसान. "पैसे वसूल" हा शब्द त्याच्या तोंडून दुपारपर्यंत चारदा निघाला. आपल्याकडे सहलीची घाई होते ती याच शब्दामुळे. तिकीट भागिले राइड असं मनात सुरू झालं की माणूस रांगेतही चालत राहतो.

दुपारी दीड ते चार आम्ही उन्हाला तोंडच दाखवलं नाही. आधी जेवण, तेही साडेबारालाच, गर्दीच्या आधी. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे सासूबाईंच्या मेथीच्या ठेपल्यांना गाडीतच राहावं लागलं. मग एकामागून एक छपराखालच्या गोष्टी. अलीबाबा आणि चाळीस चोरांच्या गुहेत गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा असतो, तिथे धाकट्याने बाबाला हरवलं. 'आय फॉर इंडिया'त सासूबाईसुद्धा आल्या. खुर्ची वर उचलली जाते आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर आपण देशावरून उडतोय असं वाटतं. पहिल्या वळणाला त्यांनी माझा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चारधाम राहिलंय ते राहू दे आता." सलीमगडच्या भुतांकडे त्या आल्या नाहीत. "घरी काय कमी आहेत?" (हे माझ्याकडे बघून म्हणाल्या की नवऱ्याकडे, यावर अजून एकमत नाही.)

धाकट्याचं एक दुखणं झालं. मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. एका ठिकाणी तो टाचा उचलून, मान ताणून, श्वास रोखून उभा राहिला. तिथल्या मुलाने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टाचा टेकल्या, आणि पट्टी दोन बोटं वर राहिली. डोळ्यात पाणी. लहान मुलं असतील तर घरीच दाराच्या चौकटीला उंची मोजून, कुठली राइड मिळणार आणि कुठली नाही ते पार्कच्या साइटवर बघून, आधीच सांगून ठेवा. पन्नास मिनिटं रांगेत उभं राहून नकार ऐकण्यापेक्षा ते बरं.

त्याची समजूत राजासॉरसने घातली. ही पाण्यातल्या होडीची राइड, शेवटी धबकन खाली. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं त्याचं नामकरण झालं, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हाचा, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाही साधारण त्याच्याच काळातला. रांगेत हे सांगितल्यावर धाकट्याने विचारलं, "मग तो ठाण्याला आला होता?" ठाणं तेव्हा नव्हतं म्हटलं तर म्हणाला, "ट्रॅफिकपण नव्हतं मग." भिजणार हे नक्की, म्हणून थंडीच्या दिवसांत ही राइड चारच्या आधी उरका. आम्ही साडेचारला केली आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर मुलं कुडकुडली. मे महिन्यात नेमकं उलटं, तेव्हा भरदुपारी हीच करा. कपड्यांचा एक जोड मात्र दोन्ही ऋतूंत लॉकरमध्ये हवाच.

पाचच्या सुमाराला गंमत झाली. सहलींच्या बस निघाल्या. शिट्ट्या वाजल्या, निळ्या-पांढऱ्या गणवेशांच्या रांगा गेटाकडे वळल्या आणि पार्क एकदम मोकळा झाला. सकाळी पन्नास मिनिटं घेतलेली नायट्रो आता दहा मिनिटांवर. थोरली बाबाला घेऊन दोनदा बसून आली. दुसऱ्यांदा अंधार पडत होता आणि वर दिवे लागले होते. खाली आल्यावर नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण "वसूल" शब्द पुन्हा निघाला नाही. धाकटा या वेळी परेडला जागा होता, कारण दुपारी थंड हॉलमध्ये वीस मिनिटं माझ्या मांडीवर पडला होता. एकूण नऊ राइड झाल्या. डीप स्पेस राहिली, स्क्रीम मशीनकडे मी पाहिलंच नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. थीम पार्क (२०१३ पासूनचं), वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात आणि काउंटरवर सगळंच घ्यायचा मोह होतो. एका दिवसात दोन मोठी पार्कं करायला जाऊ नका. ओले केस, कपडे बदलायच्या रांगा आणि मुलांची चिडचिड यात दोन्हीकडचं थोडं थोडं हातात येतं. वॉटर पार्क करायचंच तर दुसरा दिवस ठेवा, आणि सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत हे लक्षात असू द्या. तिकीट ऑनलाइन आधी काढा, त्याच वेळी त्या दिवसाची वेळही बघा, कारण दर आणि वेळा दिवसागणिक बदलतात. रांग चुकवणाऱ्या एक्सप्रेस तिकिटाबद्दल माझं मत: सहलीच्या दिवशी पाचपर्यंत थांबायची तयारी असेल तर गरज नाही. मे महिन्यातल्या रविवारी जाणंच भाग असेल तर घ्या, पण मग बसने बावीस जण नेऊ नका.

पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी पाऊस कसा कोसळतो ते आपल्याला माहीत आहे. जोराचा पाऊस, विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. त्या दिवसांत दऱ्या-धबधबे बघायला जा, नायट्रोसाठी नको. गाडीने जाताना घाट सुरू व्हायच्या आधी खोपोलीला उतरून पालीच्या रस्त्याला लागायचं. उतरायचं चुकलं की पोचलात लोणावळ्याला. गाडी नसेल तर ठाण्याहून खोपोली लोकल आहे, पण गाड्या मोजक्याच, आणि कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत ती निवांत जाते. येतानाच्या गाडीची वेळ आधी बघा, नाहीतर शेवटचा तास घड्याळाकडे बघण्यात जाईल. शाळेत असताना आमच्या एस्सेलवर्ल्डच्या सहलीत बाईंचं सगळं लक्ष परतीच्या बोटीत होतं. मला तिथल्या झोपाळ्यांपेक्षा "बोट, बोट" हे ओरडणंच जास्त आठवतं.

आणि शक्य असेल तर रात्री परतू नका. खर्च वाढतो खरा. पण दिवसभर उभं राहून रात्री शिळफाट्याच्या ट्रेलरांमध्ये गाडी चालवणाऱ्याला विचारा. आम्ही आठला निघून साडेआठला पिठलं-भातावर होतो.

मंगळवारी सकाळी सातला महडला गेलो. देवळात आम्ही आणि पुजारी, बाकी कुणी नाही. १८९२ पासून तेवत आलेला म्हणतात तो नंदादीप सासूबाईंनी या वेळी मनसोक्त पाहिला. मे महिन्यात त्यांच्यापुढे कुणाचं तरी डोकंच होतं. धाकटा तळ्याच्या पायरीवर बसून मासे मोजत होता. खोपोलीत वडे खाल्ले, चार बांधून घेतले, साडेनऊला गाडीत बसलो. दुपारच्या जेवणाला ठाणं, असं ठरलेलं होतं.

गाडी सुरू झाली तशा सासूबाई मागून म्हणाल्या, "पाली इथून चाळीसच किलोमीटर आहे ना रे? एवढं आलोच आहोत तर..."

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी वड्यांची पिशवी उघडली आणि एक त्यांच्या हातात दिला.