नाडी

आईला कुजबुजता येत नाही. त्यात तिचा दोष नाही, तो घरचा वारसा आहे. तिचे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आठ तास साच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी येऊन हळू कसा बोलणार? आजोबा जेवताना मीठ मागायचे तेही चाळीच्या अख्ख्या मजल्याला कळायचं. अशा घरात वाढलेल्या बाईचं कुजबुजणं म्हणजे कंडक्टरचं 'पुढे सरका'.

तर लोअर परळच्या फिनिक्समध्ये, रविवारी दुपारी, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी आई माझ्या कानाशी कुजबुजली, "अगं, नाडी तुटली."

परफ्यूमच्या दुकानातली मुलगी वळली. समोरून येणारे एक गृहस्थ अतिशय सभ्यपणे छताकडे बघू लागले. माझी लेक तर चार पावलं पुढे निघून गेली, जणू आमची तिची ओळखच नाही. साडेतीनचा सिनेमा तिनेच ठरवला होता, 'आजीला मॉल दाखवू' हा हट्टही तिचाच.

परकराची नाडी तुटणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. निऱ्या, पदर, साडीचा सगळा संसार त्या एका दोरीवर उभा असतो. आईने डावा हात कमरेवर दाबून धरला, उजव्या हाताने बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि तिथल्या तिथे काहीतरी टोचलं. "चल, दहा मिनिटं निघतील. कुठे नाडी मिळते बघ."

मीही बावळटासारखी बघायला निघाले. चार मजले, हजार दिवे. कपड्यांच्या तीन दुकानांत विचारलं. पहिल्या ठिकाणी 'नाडी' हा शब्दच कळला नाही. दुसरीकडे कळला, पण मुलीला हसू आवरेना. तिसऱ्या दुकानातला पोरगा साताऱ्याकडचा असावा. तो गंभीरपणे म्हणाला, "ताई, नाडी अशी सुट्टी नाही येत. पँटसोबत येते." खरंच येते. त्या दुकानात एकूण एक विजारीला नाडी होती, चांगली जाडजूड, टोकाला धातूची टोपणं लावलेली, बाहेर लोंबणारी. आत इलॅस्टिक. नाडी नुसती शोभेची. किंमत ३,४९९. क्षणभर विचार केला, विजार घ्यावी आणि नाडी उपसून घ्यावी. मग स्वतःचीच कीव आली.

त्यांचाही काय दोष म्हणा. नाडी ही मॉलमध्ये मिळायची वस्तू नाहीच. ती स्टेशनबाहेर मिळते, पिना, कंगवे आणि उंदराच्या औषधाच्या शेजारी.

माझी एक खोड सांगते. मी मॉलमध्ये जाते ती मुख्यतः स्वच्छतागृहासाठी. बायकांना यात नवल वाटणार नाही. नोकरीमुळे गावोगाव फिरावं लागतं, आणि नव्या शहरात हॉटेलची खोली दुपारी दोनच्या आत मिळत नाही. मग बॅग ओढत मॉल गाठायचा. याच साखळीचे मॉल मी किती ठिकाणी पाहिले! पुण्यात विमाननगरचा, २०११ सालचा. चेन्नईत वेलाचेरीचा. लखनौला २०२० मध्ये उघडलेला, इंदूरला २०२२ मध्ये. मग परत पुण्यातच, वाकडला आणखी एक. आत शिरलं की हवा तीच, फरशीची चकाकी तीच. एकदा फोनवर बहिणीने विचारलं, "कुठे आहेस?" तर मला पटकन गाव आठवेना. खाण्याच्या मजल्यावर जाऊन पाट्या वाचल्या तेव्हा लखनौ असल्याची खात्री पटली.

लोअर परळला मात्र असं होत नाही. तिथे अंगणात चिमणी उभी आहे. खरी, गिरणीची, विटांची. कंपनी १९०५ सालची. आज तिच्यातून हातभर कापड निघत नाही, पण शेअर बाजारात तिचं नाव अजूनही फिनिक्स मिल्सच. नावात पक्षी आहे, राख आहे. त्यावर कोटी करायचा मोह आवरते, ती आजवर फार जणांनी करून झाली.

आजोबा या गिरणीत नव्हते, जवळच्याच दुसऱ्या एका गिरणीत होते. राहायला डिलाईल रोडला, दहा बाय दहाच्या खोलीत. मे महिन्यात आम्ही तिथे जायचो. भोंगा झाला की आजी चहाचं आधण ठेवायची, घड्याळाकडे बघायचीसुद्धा नाही. थोड्या वेळाने जिन्यावर चपलांचा आवाज आणि मग आजोबा, केसांत आणि भुवयांवर कापसाचं पांढरं. सुटताना दारावर झडती व्हायची म्हणे, कुणी सूत, तुकडा काही नेतोय का ते बघायला. तरी त्यांच्या खिशात वीतभर धाग्याचे दोनतीन तुकडे असायचेच. कसे यायचे देव जाणे. (मॉलमध्ये झडती आत शिरताना होते. बाहेर पडताना कुणी बघत नाही, तेव्हा आपल्याकडे नेण्यासारखं काही उरलेलं नसतं.)

तो धागा म्हणजे आमची जत्रा. आजोबा धागा दोन्ही हातांत धरून झटका द्यायचे, तट्कन तोडायचे, दोन्ही टोकं आम्हाला दाखवायचे आणि मग हात पाठीमागे न्यायचे. एक, दोन. हात पुढे आले की धागा अखंड. गाठ शोधून दाखवा म्हणायचे. गाठ असायची, पण बाजरीच्या दाण्याएवढी, चपटी. बोटांतून धागा ओढला तरी लागायची नाही. साच्यावर चालू ताण्यातला धागा तुटला की तो असाच जोडायचा असतो. गाठ जाडी राहिली तर फणीत अडकते आणि पुन्हा तुटते. मामाला ती जमायची, आईला जमायची. मला नाही जमली. मी सात वर्षांची होते आणि माझं लक्ष खाऊवर होतं.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, त्यात आजोबा. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीरच केलं नाही, असं म्हणतात. आजोबा गावी गेले, आंब्याची चार कलमं लावली, बारा वर्षं जगले. त्यांच्या लेखी ते संपावरच होते.

असो. नाडी.

मी हात हलवत परत आले तर आई बाकावर बसून लेकीच्या खरेदीच्या पिशव्या न्याहाळत होती. कागदी, गुळगुळीत, दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत. "या पिशव्या लागणार आहेत का गं तुला?" लेक म्हणाली, "का?" आईने उत्तर दिलं नाही. पिशवीच्या मुठीची दोरी बोटांत घेऊन तिने ताणून बघितली. सुती होती, गोल, चांगली पिळाची. "ही होईल."

दोन पिशव्या, चार मुठी. स्वच्छतागृहाच्या मोठ्या आरशासमोर, तऱ्हेतऱ्हेच्या सुगंधी साबणांच्या वासात, आईने चारही दोऱ्या उपसल्या. मी म्हटलं, "अगं, एवढ्या गाठी नेफ्यातून जातील का? अडकतील." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवली, अंगठ्याने दाबली, एक वळसा, टोक आत, ओढलं. पुन्हा. पुन्हा. तीन गाठी, अर्ध्या मिनिटात. उरलेली शेंडं दातांनी तोडली. मी गाठीवरून बोट फिरवलं. दोरी जाड, त्यामुळे बोटाला लागली, पण चपटी, शिस्तीत बसलेली.

मग आम्ही आतल्या खोलीत शिरलो. एका टोकाला पिन टोचून तिने नाडी नेफ्यात ओवायला घेतली. चुण्या सरकवत पिन पुढे, कापड मागे. पहिली गाठ गेली. दुसरी गेली. तिसरी किंचित अडली तेव्हा ती पुटपुटली, अर्थात बाहेर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाबा असते तर ओरडले असते. जाडी झाली म्हणाले असते." मग गेली तीही.

बाहेर येऊन तिने आरशात निऱ्या सारख्या केल्या आणि लेकीला विचारलं, "किती वाजले?" भिंतीवर घड्याळ शोधलं, नव्हतं. मॉलमध्ये नसतंच. सिनेमाची पंधरा मिनिटं गेली होती. आईच्या मते त्यात काही बिघडलं नाही, सुरुवातीला जाहिरातीच असतात.

निघताना चिमणीजवळून गेलो. तिच्याखाली पोरं फोटो काढत होती. मी आईला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "बघितली आहे," आणि टॅक्सी कुठे मिळेल ते विचारू लागली.

दुसऱ्या दिवशी मी दादरहून नाड्या आणल्या, वीस रुपयांना चार, पांढऱ्याशुभ्र. त्या आईच्या कपाटात तशाच आहेत. परकर वाळत घातला की एका बाजूने पिशवीच्या दोरीचं टोक लोंबताना दिसतं. परवा ती झोपलेली असताना मी सुतळीचे दोन तुकडे घेऊन बसले होते. अर्धा तास. सुटते.