मावशीचा रिपोर्ट

आज मावशीच्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचा आयएचसी रिपोर्ट (गाठीच्या पेशींना रंग लावून केलेली तपासणी) हातात आला. ईआर ८/८, पीआर ७/८, हर-२ निगेटिव्ह. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स पकडणारे पेशींमधले रिसेप्टर, तर हर-२ म्हणजे गाठ वाढवणारं एक प्रथिन. मावशीने चष्मा लावून तो नीट वाचला आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, “आठपैकी आठ, म्हणजे पास ना?” (जन्मभर पेपर तपासले, आणखी काय विचारणार!)

प्रश्न अगदीच भाबडा नव्हता. किती पेशींना रंग लागला आणि किती गडद लागला, यावरून हे गुण देतात. गुण जास्त म्हणजे गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जातेय, आणि तो पुरवठा तोडता येतो. पाळी गेलेल्या बायकांना सहसा लेट्रोझोलसारखी गोळी देतात, पाळी चालू असेल तर बहुतेकदा टॅमॉक्सिफेन. टॅमॉक्सिफेन ५ वर्षं घेतलं तर अशा रुग्णांमधले या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. रिसेप्टरच नसतील तर या गोळ्यांचा उपयोग शून्य.

दादा लगेच म्हणाला, “चला, सुटलो!” तसंही नाही हो. ट्रिपल निगेटिव्हमध्ये (म्हणजे ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) आजार उलटण्याची भीती पहिल्या काही वर्षांत जास्त. मावशीच्या प्रकारात सुरुवात बरी जाते, पण १०-१५ वर्षांनीही तो डोकं वर काढू शकतो. शिवाय गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडल्यात), काखेत पसरलाय का, हे सगळं आहेच. आणि सांधे दुखतात म्हणून गोळी मध्येच सोडणारे कमी नाहीत. मला धास्ती त्याचीच आहे, कारण मावशी साधी बीपीची गोळीसुद्धा विसरते.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.